हुकूम साहेबांचा, सही दुसऱ्याची : डिसेंबर १९७१ मधल्या याह्याखानची केस

रविवारी सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारून झाल्या की आम्ही पाच-सहा जण कट्ट्यावर बसतो, चहा होतो आणि मग देश चालवायला घेतो. मागच्या महिन्यात असाच विषय निघाला. आमच्यातला एक, ज्याचं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे, तो म्हणाला, "बाकी काही असो, युद्धाच्या वेळी तरी हुकूमशहाच पाहिजे. मीटिंगा नाहीत, विरोधी पक्षाची कटकट नाही, एक माणूस बोलला की विषय संपला." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, ठीक आहे, हवेत नको बोलूया, एक केस घेऊ. खराखुरा हुकूमशहा, खरंखुरं युद्ध, आणि तारखेवार बघू की निर्णय खरंच फटाफट होतात का. फार लांब जायला नको म्हणून पाकिस्तानचा याह्याखान घेतला, डिसेंबर १९७१.

हे युद्ध आपल्याला आपल्या बाजूने पाठ आहे. आमच्या मजल्यावरचे काका तेव्हा नौपाड्यात राहायचे, खिडकीच्या काचांना ब्राउन पेपर लावलेला, भोंगा वाजला की दिवे बंद, आणि खालून कोणीतरी ओरडायचं "तिसरा मजला, लाईट!" ते अजून सांगतात. पण पलीकडे खुर्चीत बसलेला माणूस त्या चौदा दिवसांत नक्की काय करत होता हे आपण फारसं बघत नाही. तेच बघायचं होतं.

आधी माणूस कोण ते. जनरल आगा महंमद याह्याखान, २५ मार्च १९६९ ला अयूबखानकडून सत्ता घेतली. राष्ट्राध्यक्ष तोच, मार्शल लॉचा मुख्य प्रशासक तोच, लष्कराचा सरसेनापतीही तोच, आणि परराष्ट्र आणि संरक्षण ही खातीही स्वतःकडेच. म्हणजे फाईल कुठूनही निघाली तरी शेवटी त्याच टेबलावर. मित्राच्या भाषेत एकदम आयडियल सेटअप.

आणि गंमत म्हणजे हा माणूस सुरुवातीला बराच बरा वाटत होता. डिसेंबर १९७० मध्ये त्याने निवडणूक घेतली आणि ती पाकिस्तानातली त्या काळातली सगळ्यात स्वच्छ निवडणूक मानली जाते. निकालाने गडबड झाली. थेट निवडून द्यायच्या ३०० जागांपैकी शेख मुजीबच्या अवामी लीगला १६०, सगळ्या पूर्वेकडच्या म्हणजे पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या, आणि भुट्टोच्या पक्षाला ८१, सगळ्या पश्चिमेकडच्या. साधं गणित, मुजीब पंतप्रधान. पण ते ना भुट्टोला मान्य ना लष्कराला. १ मार्च १९७१ ला याह्याने असेंब्लीची बैठकच पुढे ढकलली, ढाका पेटलं, मग हा स्वतः ढाक्याला जाऊन मार्चच्या मध्यापासून मुजीबशी वाटाघाटी करत बसला. २५ मार्चला संध्याकाळी गुपचूप विमानात बसून निघून गेला आणि त्याच रात्री लष्कर रस्त्यावर उतरलं. विद्यापीठ, पोलिसांच्या बराकी, जुनं ढाका. पुढच्या महिन्यांत जवळपास १ कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली.

तेव्हा हे सगळं "केस" म्हणून बोलताना विसरायचं नाही की ही कुठल्या कंपनीची केस नाहीये, माणसं मारली गेलीयेत. पण ती विमानाची गोष्ट मी कट्ट्यावर मुद्दाम दोनदा सांगितली. हुकूम द्यायचा आणि तो अमलात यायच्या आत तिथून निघायचं. पुढे डिसेंबरमध्ये हाच माणूस हेच करतो, फक्त तेव्हा विमान लागत नाही.

आता युद्ध. पाकिस्तानी लष्कराचं जुनं सूत्र होतं की पूर्वेचं संरक्षण पश्चिमेत. म्हणजे पूर्व पाकिस्तानवर हल्ला झाला तर पश्चिमेकडून भारतावर इतका जोरात घाव घालायचा की भारताला तिकडचं सोडून इकडे धावावं लागेल. कागदावर वाईट नाही. कारण दोन भागांच्या मध्ये हजार मैल भारत पसरलेला, आणि फेब्रुवारी १९७१ पासून भारताने विमानं वरून न्यायलाही बंदी केलेली, त्यामुळे ढाक्याला सैनिक पाठवायचा तर श्रीलंकेला वळसा घालून. पूर्वेतल्या फौजेला मदत पोचणार नव्हतीच. पश्चिमेत काहीतरी मोठं करणं हाच एक मार्ग होता.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी अमृतसर, पठाणकोट, अंबाला, आग्रा वगैरे तळांवर बॉम्ब टाकले. धावपट्ट्यांना थोडी इजा, बाकी फारसं काही नाही. दुसऱ्या रात्री आपल्या नौदलाच्या मिसाईल बोटी कराचीपर्यंत गेल्या, खैबर नावाची त्यांची विनाशिका बुडवली. (आपलंही नुकसान झालंच. ९ डिसेंबरला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काका या ठिकाणी गप्प होतात, त्यामुळे आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो.)

आणि तो पश्चिमेकडचा मोठा घाव? जनरल टिक्काखानकडे त्यासाठी राखून ठेवलेली खास कोअर, म्हणजे मोठी फौज, होती, रणगाड्यांच्या डिव्हिजनसकट. तो हल्ला झालाच नाही. आज होईल, उद्या होईल करत १७ डिसेंबर उजाडला आणि युद्धच संपलं. लक्षात घ्या, अख्ख्या योजनेचा कणा म्हणजे हा एक हल्ला, तो कधी सोडायचा हे ठरवायचा अधिकार एका माणसाकडे आणि त्याच्याभोवतीच्या चार जणांकडे, संसद नाही, विरोधी पक्ष नाही, पेपरवाले मुठीत. तरी दोन आठवड्यांत "सोडा" हा एक शब्द निघाला नाही. इथे मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला पुढे बोल.

पुढे ढाका. केसचा खरा गाभा तिथे आहे आणि तो तारांमध्ये आहे, लढाईत नाही.

ढाक्यात तेव्हा दोन मुख्य माणसं. गव्हर्नर डॉ. ए. एम. मलिक, वयस्कर नागरी माणूस, सप्टेंबरमध्ये, तोवर गव्हर्नर असलेल्या त्याच टिक्काच्या जागी आणून बसवलेला, म्हणजे जगाला दाखवायला की बघा इथे लष्करी राजवट नाही. आणि लेफ्टनंट जनरल नियाझी, पूर्वेचा सेनापती. सोबत मेजर जनरल राव फरमान अली, गव्हर्नरचा लष्करी सल्लागार.

७ डिसेंबरपर्यंत जेसोर हे शहर हातचं गेलं होतं. त्या संध्याकाळी गव्हर्नर हाउसमध्ये मलिकने नियाझीला बोलावलं, आणि गव्हर्नर धीराचे दोन शब्द बोलायला लागल्यावर नियाझीला रडू फुटलं. त्याच वेळी एक बंगाली वेटर कॉफीचा ट्रे घेऊन आत आला, त्याला ओरडून बाहेर काढलं, आणि तो बाहेर येऊन म्हणाला साहेब लोक आत रडतायत. हे तिथल्याच एका पाकिस्तानी अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवलंय. मला या सगळ्या प्रकरणात तो वेटर फार महत्त्वाचा वाटतो, कारण ७ तारखेला ढाक्याची परिस्थिती त्याला कळली आणि रावळपिंडीला, म्हणजे याह्याच्या मुख्यालयाला, ती पुढे आठवडाभर पचनी पडली नाही.

त्या बैठकीनंतर मलिकने याह्याला तार केली की परिस्थिती बिकट आहे, राजकीय तोडगा काढा. ठोस काही आलं नाही. ९ तारखेला परत तार, युद्धबंदी आणि राजकीय तोडगा यांचा विचार करा म्हणून. आता याचं उत्तर बघा. याह्याने कळवलं की मी तिकडून पार तुटलेलो आहे, तेव्हा पूर्व पाकिस्तानबद्दलचा निर्णय मी तुमच्यावर सोडतो, तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य असेल, आणि नियाझीलाही तुमचा निर्णय मानायला सांगतोय.

हे वाचून कट्ट्यावरचा एक जण म्हणाला, अरे हा तर चांगला बॉस, अधिकार दिले की खाली. मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं.

मग मलिक आणि फरमान अलीने काय केलं, साहेबांनी लेखी परवानगी दिलीये म्हणून १० डिसेंबरला ढाक्यातले संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी पॉल मार्क हेन्री यांच्याकडे एक प्रस्ताव दिला. युद्धबंदी, पूर्व पाकिस्तानच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे शांततेने सत्ता द्यायची, पाकिस्तानी फौजेला सन्मानाने परत जाऊ द्यायचं. तो न्यूयॉर्कला पोचला, आणि रावळपिंडीत आग लागली. तुम्ही फारच पुढे गेलात, आम्ही असलं काही मंजूर केलेलं नाही, म्हणून तो मागे घ्यायला लावला. म्हणजे निर्णय तुझा, पण तू घेतलास की तो चुकीचा.

थोडं विषयांतर करतो पण खालचा प्रकार ज्याने ज्याने नोकरी केलीये त्याने बघितलाय. मी ऐरोलीला एका कंपनीत होतो, नाव सोडा, तिथले एक साहेब प्रत्येक मेलला "यूज युवर जजमेंट" असं उत्तर द्यायचे आणि मग रिव्ह्यूला तोच मेल उघडून विचारायचे, कोणाला विचारून केलंस? फरक इतकाच की आमचं फार तर इन्क्रिमेंट जायचं.

बरं, १० तारखेला याह्या का मागे फिरला? तर त्याला वाटत होतं मदत येतेय. हे अगदीच वेडेपणाचं नव्हतं. अमेरिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनचा सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मध्ये गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) गेला तो पाकिस्तानातून, याह्याच्या मध्यस्थीने, अमेरिका आणि चीन दोघांवर याचा उपकार. निक्सनने एंटरप्राइझ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडलीही. त्याच दिवसांत रावळपिंडीहून ढाक्याला फोनवर पश्तोत निरोप गेला की उत्तरेकडून पिवळे येतायत आणि दक्षिणेकडून गोरे. नियाझीने तो धरून ठेवला. ढाका पडेल ते माझ्या मेलेल्या शरीरावरून, असं तो परदेशी पत्रकारांना सांगत होता तेही याच दिवसांत. ११ तारखेला टांगाइलला जे छत्रीसैनिक उतरले ते ना पिवळे होते ना गोरे, ते आपले होते.

चीनने शब्द दिले, फौज हलवली नाही. एंटरप्राइझ आली ती नुसती आली. हुकूमशहाचं परराष्ट्र धोरण बऱ्याचदा असं वैयक्तिक उपकारांचं खातं असतं, मी तुझं काम केलं तू माझं करशील. समोरचा तसा हिशेब ठेवतो का हे विचारणारं कोणी जवळ नसतं, कारण परराष्ट्रमंत्रीही आपणच असतो. (७ तारखेला त्याने नुरुल अमीनला पंतप्रधान आणि भुट्टोला उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री नेमलं, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर चार दिवसांनी. यावर काय बोलणार.)

१४ डिसेंबर. सकाळी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसमध्ये मोठी बैठक आहे हे आपल्याला संदेश पकडून कळलं होतं, मिग-२१ आले आणि छतावर रॉकेट सोडून गेले. डॉ. मलिक खालच्या बंकरमध्ये. तिथे त्याने थरथरत्या हाताने बॉलपेनने एका कागदावर राजीनामा लिहिला, याह्याखानच्या नावाने. मग बूट काढले, मोजे काढले, पाय धुतले, डोक्यावर रुमाल टाकला आणि नमाजाला बसला. एक ब्रिटिश पत्रकार तिथे होता म्हणून हे आपल्याला माहितीये. त्यानंतर तो आणि त्याचं मंत्रिमंडळ रेडक्रॉसच्या आसऱ्याला हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये. आणि त्याच १४ तारखेच्या आसपास ढाक्यात बंगाली प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून नेले जात होते आणि मारले जात होते, बांगलादेशात तो दिवस आजही पाळतात. वरती निर्णय कोणी घ्यायचा याचा गोंधळ चालू असताना खाली मारेकऱ्यांना कुठलाच गोंधळ नव्हता, ते आपलं काम करत होते.

त्याच दिवशी याह्याची ती प्रसिद्ध तार नियाझीच्या हातात पडली. तिचा आशय असा, की तुम्ही प्रचंड फौजेपुढे शूरपणे लढलात, देशाला अभिमान आहे, आता पुढचा प्रतिकार माणसाच्या शक्तीपलीकडचा आहे, तेव्हा लढाई थांबवायला आणि जीव वाचवायला जरूर ती पावलं उचला. तार लांब आहे, कौतुक भरपूर आहे, शरणागती हा शब्द त्यात नाही. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.

काकांनी इथे विचारलं, "मग शरण जा म्हणाला की नाही म्हणाला?" तर काका, हाच प्रश्न पाकिस्तानला पुढे पडला. भुट्टोने न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांचा आयोग नेमला, आणि आयोगाचं म्हणणं पडलं की नियाझीला शरण जायचा हुकूम नव्हता, त्याला वाटलं तर जायची परवानगी होती. हुकूम आणि परवानगी. त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून अख्खा राष्ट्राध्यक्ष निसटला.

नियाझी आणि फरमान अली मग अमेरिकन कॉन्सुल जनरल स्पिव्हॅककडे गेले, युद्धबंदीचा निरोप दिल्लीला पोचवा म्हणून. माणेकशांचं उत्तर आलं, युद्धबंदी नाही, शरणागती, आणि तेवढ्यापुरते हवाई हल्ले थांबवतो. १६ ला आपले मेजर जनरल जेकब ढाक्याला उतरले ते शरणागतीचा कागद घेऊनच. दुपारी साडेचारच्या सुमारास रेसकोर्स मैदानावर टेबल मांडून सह्या झाल्या, आपले पूर्वेचे सेनापती अरोरा आणि नियाझी. ९३ हजार कैदी, त्यात सैनिक आणि इतर सगळे धरून. मित्राने कट्ट्यावरच मोबाईलवर तो फोटो शोधला आणि दोन बोटांनी मोठा करून बघत बसला. नियाझी खाली मान घालून सही करतोय. ज्याच्याशिवाय त्या देशात कागद हलत नव्हता त्याची सही त्या कागदावर नाहीये.

त्या संध्याकाळी पाकिस्तान रेडिओने काय सांगितलं असेल? की भारत आणि पाकिस्तानच्या स्थानिक कमांडरांमध्ये झालेल्या व्यवस्थेनुसार पूर्वेतली लढाई थांबली आहे आणि भारतीय सैन्य ढाक्यात शिरलं आहे. स्थानिक कमांडर! जणू दोन वॉर्ड ऑफिसरांनी नाल्याची हद्द ठरवली. मग याह्या स्वतः रेडिओवर आला आणि म्हणाला एका आघाडीवर माघार झाली तरी युद्ध चालू राहील. दुसऱ्या दिवशी त्याने भारताची युद्धबंदी स्वीकारली. ज्या लोकांना दोन आठवडे आपण जिंकतोय असं ऐकवलं होतं त्यांना हे दोन दिवसांत गिळायचं होतं.

आणि माझा सगळ्यात आवडता तपशील. ऑक्टोबरमध्येच याह्याने जाहीर केलं होतं की आपण तयार केलेली राज्यघटना २० डिसेंबरला प्रसिद्ध होईल. देश अर्धा गेला तरी माणूस २० तारखेच्या तयारीत होता. शेवटी त्याला हलवलं ते जनतेच्या मोर्च्यांनी आणि त्याच्याच लष्करातल्या मधल्या फळीने. गुजरांवालाकडच्या काही अधिकाऱ्यांनी राजीनामा द्या असा निरोप धाडला, आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ जनरल हमीद समजूत काढायला मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला तर लोकांनी आरडाओरडा करून त्याला बोलू दिलं नाही. २० डिसेंबरला घटना आली नाही, भुट्टो आला.

काका म्हणाले हे सगळं दारूमुळे, तो चोवीस तास प्यायलेला असायचा. प्यायचा हे खरंच, आयोगानेही त्यावर लिहिलंय. पण मला ते कारण फार सोयीचं वाटतं, पाकिस्तानालाही सोयीचं वाटलं असणार. त्या जागी निर्व्यसनी माणूस बसवा, पाच पदं त्याच्याकडे द्या, त्याला नको ते सांगणाऱ्याचं करिअर संपतं असं वातावरण ठेवा, आणि पराभवाची पावती कोणाच्या नावे फाडायची हा प्रश्न समोर आणा. तोही ती तार अशीच लिहील, फार तर अक्षर बरं येईल.

मित्राने बरोबर हरकत घेतली, मग स्टालिन कसा जिंकला? चांगला प्रश्न. १९४१ मध्ये त्यानेही हेच केलं, कीव्ह सोडा म्हणणाऱ्या जनरल झुकोव्हला लष्कराच्या जनरल स्टाफच्या चीफपदावरून काढलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे लाखोंची फौज वेढ्यात घालवली. पण १९४२ च्या शरद ऋतूपर्यंत तो झुकोव्ह आणि वासिलेव्हस्की या सेनापतींचं ऐकायला लागला होता, ऑक्टोबरमध्ये राजकीय कमिसारांचा, म्हणजे लष्करात बसवलेल्या पक्षाच्या माणसांचा, सेनापतींवरचा अधिकार काढून घेतला, आणि स्वतः टेबल सोडून गेला नाही. तो हे शिकू शकला कारण मागे सरकायला त्याच्याकडे हजार मैल जमीन होती आणि मरायला माणसं होती. याह्याकडे चौदा दिवस होते. शिवाय स्टालिन शिकला नसता तर त्याला शिकवणार कोण होतं, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडेही काही कमिटीने युद्ध चालवलं नाही, इंदिराबाई कोणाला फार विचारणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एप्रिलमध्ये सैन्य तयार नाही असं माणेकशांनी तोंडावर सांगितलं आणि त्यांची नोकरी शाबूत राहिली, ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला तो कागदावर, उपकाराच्या खात्यावर नाही.

आयोगाने याह्या आणि त्याच्या साथीदारांवर खटला चालवा अशी शिफारस केली होती. अहवाल २००० पर्यंत कुलपात राहिला, खटला झाला नाही. याह्या काही वर्षं नजरकैदेत होता, १० ऑगस्ट १९८० ला वारला.

मित्र अजूनही मानत नाही. त्याचं म्हणणं माणूस चुकीचा निवडला गेला, योग्य माणूस असता तर झालं असतं. मी म्हटलं निवडला कोणी? त्यावर तो हसला, पण मान्य केलं नाही, आणि वर्कशॉपला लोडशेडिंगच्या आत पोचायचं म्हणून गाडीला किक मारून गेला. पुढच्या रविवारी त्याने अर्जेंटिनाचा हुकूमशहा गाल्तिएरी आणि त्याचं ब्रिटनशी झालेलं फॉकलंड बेटांचं युद्ध मागितलंय, त्याला वाटतं तिथे तो जिंकेल.